काचेवरचं सोलापूर: मामांच्या ट्रंकेतल्या ६१ प्लेटांच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

मामांचा नवी पेठेतला स्टुडिओ बंद होऊन वीस वर्षं झाली. मामा गेल्यावर मामींनी घर आवरायला घेतलं आणि माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली आली. "तू नेतोस तर ने, नाहीतर भंगारवाला काचेच्या भावात घेऊन जातोय," म्हणाल्या. उघडून बघितलं तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या निगेटिव्ह. मोजल्या, ६१ भरल्या. सगळ्या हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. खिडकीकडे धरून एकेक बघत गेलो. २२ माणसांचे स्टुडिओतले फोटो, ३० सोलापुरातल्या इमारती, रस्ते, तलाव, आणि ९ पंढरपूरचे.

पहिली चूक तासाभरातच झाली. ट्रंक स्कूटरच्या पायाजवळ ठेवून घरी आणली. काचा आत आडव्या, एकावर एक. सात रस्त्याजवळच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि आवाज आला. सर्वात खालच्या दोन प्लेटांना तडे गेले. काचा वह्यांसारख्या उभ्या ठेवायच्या, लांब कडेवर, मध्ये पुठ्ठा, आणि रिक्षाने मांडीवर घेऊन आणायच्या. दीडशे रुपये वाचवायला गेलो होतो.

तडा गेलेली प्लेट टेपने चिकटवू नका. टेपचा डिंक थराला धरतो. मी दोन्ही तुकडे एका साध्या काचेवर ठेवून पाकीट बंद केलं.

९ जानेवारी

ही नोंद लिहायला नको वाटतंय. पण माझ्यासारखी ट्रंक घरात असलेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

काचेच्या निगेटिव्हला दोन बाजू असतात. एक चकचकीत, ती नुसती काच. दुसरी मंद, तिच्यावर जिलेटिनचा थर. मामा त्याला मसाला म्हणायचे. चित्र त्या मसाल्यात असतं. हे मला माहीत होतं, पण रात्री अकराला ट्यूबलाइटखाली, जुनाट धुळीत, कोणती बाजू कोणती हे नीट बघितलं नाही. ओल्या कापसाने पुसायला घेतलं. प्लेट क्रमांक १७, इंद्रभुवन. दुसऱ्यांदा पुसताना कापूस काळा झाला आणि मला आनंद झाला, मळ निघतोय म्हणून. तो मळ नव्हता. उजव्या वरच्या कोपऱ्यातला मसाला फुगून निघून आला होता. सोलापूरच्या वारदांनी हौसेने बांधलेली ती इमारत, आज जिथे महापालिका आहे, तिचं त्या कोपऱ्यातलं छत माझ्या कापसावर आलं. साधारण अंगठ्याएवढी जागा. आता तिथे नुसती काच आहे.

तेव्हापासून नियम असा: मसाल्याच्या बाजूला पाणी नाही, कापड नाही, फुंकर नाही (थुंकी उडते). रबरी फुग्याने हवा मारायची, नाहीतर मऊ ब्रश, तोही न दाबता. काचेच्या बाजूला डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम ओला केलेला कापूस चालतो, कडेला न नेता. बाजू ओळखायची तर प्लेट दिव्याखाली तिरकी धरा. ज्या बाजूत दिवा आरशासारखा स्वच्छ दिसतो ती काच.

काही प्लेटांच्या कडांना निळसर चांदीसारखी झाक आली आहे. ती थरातल्या चांदीचीच आहे. तिला हात लावायचा नाही, ती तशीच राहू द्यायची.

१३ जानेवारी, भोगी

काम बंद. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, घरात पाहुणे. आज संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता. दुपारी गर्दीतून परत आल्यावर प्लेट क्रमांक ४ काढली. यात्रेचीच आहे. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, मध्ये नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्या. लॅपटॉपवर पांढरा पडदा लावून प्लेट त्याच्यासमोर धरली, मोबाइलने फोटो काढला आणि रंग उलटे केले. दोन मिनिटांत निगेटिव्हचा फोटो तयार. खोलीतले अकरा जण त्या मोबाइलवर वाकले. ओळख पटवायला एवढं पुरतं. सगळ्या ६१ प्लेटांचे असे कच्चे फोटो काढून घेतले आणि यादी केली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मग प्रत्येक वेळी काच हातात घ्यावी लागली नसती.

१९ जानेवारी

जुना स्कॅनर घेतला, १४,००० रुपये. विकणारा म्हणाला, निगेटिव्ह होतात. होतात, पण फिल्मच्या. झाकणातला दिवा पावणेसात सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीपुरताच आहे आणि माझी प्लेट १२ सेंटिमीटर रुंद. तीन पट्ट्यांत स्कॅन करून जोडायचा प्रयत्न केला. प्रत्येक पट्टीचा उजेड वेगळा, जोड लपत नाही. शिवाय काच स्कॅनरच्या काचेवर टेकली की मध्ये पाण्यावर तेल पसरावं तशी वर्तुळं उमटतात. कडांखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या देऊन प्लेट उचलली, तेव्हा वर्तुळं गेली, पण तीन तुकड्यांच्या जोडांचा प्रश्न तसाच राहिला. चार संध्याकाळी वाया गेल्या.

घ्यायच्या आधी एवढंच विचारा की झाकणातला दिवा पूर्ण आकाराचा आहे का. नसेल तर तो स्कॅनर छापील फोटोंसाठी ठेवा. ट्रंकेत ४० कागदी फोटोही होते, त्यांचं काम मात्र त्याने सुरेख केलं, ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. त्यातला एक फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. सोडवायला गेलो नाही. काचेसकट स्कॅन केला.

२ फेब्रुवारी

कॅमेऱ्यावर आलो. भाच्याचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स मित्राकडून उसनी, एलईडी पॅनेल १,८०० रुपयांचं. कॅमेरा खाली तोंड करून धरायला जुन्या एन्लार्जरचा (निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राचा) खांब वापरला. मामींनी तोही फेकायला काढला होता.

पहिल्या दिवशीचे सगळे फोटो फुकट. कारणं एकेक करून सापडत गेली. प्लेट थेट पॅनेलवर ठेवली होती, त्यामुळे पॅनेलचे ठिपके चित्रात आले. लाकडी ठोकळ्यांवर सहा सेंटिमीटर वर घेतली, ठिपके गेले. मग आडवे पट्टे. स्वस्त पॅनेलचा दिवा डोळ्याला कळत नाही पण लुकलुकतो. शटर पंधरांश सेकंदापेक्षा मंद केलं तेव्हा पट्टे थांबले. मंद शटर म्हटलं की हादरा आला, म्हणून दहा सेकंदांचा टायमर आणि पंखा बंद. मग एक बाजू स्पष्ट, दुसरी धूसर, कारण कॅमेरा काचेला समांतर नव्हता. प्लेटच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि लेन्सला स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसेपर्यंत कॅमेरा हलवायचा. लेव्हल बघण्यापेक्षा हे अचूक होतं. प्लेटच्या भोवती काळा कागद, खोलीत अंधार.

जमलं तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते. पडद्यावर सिद्धेश्वर तलाव आला, पाण्यात देऊळ, आणि काठावर धुणं धुणारी एक बाई, तिच्या शेजारच्या कळशीचा काठसुद्धा दिसतोय. एवढ्याशा काचेत इतकं मावलंय, हे बघून मी बायकोला उठवलं.

९ आणि १६ फेब्रुवारी

दोन्ही रविवार प्लेट क्रमांक २९ ची जागा शोधण्यात गेले. गल्ली आहे. डाव्या हाताला लाकडी सज्जाचा दुमजली वाडा, पुढे पार, पारावर पिंपळ, आणि गल्ली उजवीकडे वळते. एका दुकानाची पाटी आहे पण अक्षरं ठिपक्यांएवढी.

ए-थ्री आकाराचा प्रिंट काढला, ६० रुपये, आणि पायी निघालो. नवी पेठ, मधला मारुती, चाटी गल्ली, बाळीवेस, तुळजापूर वेस. वेशी आता नावातच उरल्या आहेत, पण जुन्या वस्त्या त्यांच्याच आसपास, म्हणून तिथून सुरुवात केली. जिथे पार होता तिथे विचारलं. कुणी कन्नडमध्ये आत हाक मारून म्हाताऱ्यांना बाहेर बोलावलं, कुणी चहा दिला, एका पद्मशाली आजींनी चष्मा शोधायला सगळं घर कामाला लावलं. सगळे एकच म्हणाले: बघितल्यासारखं वाटतं, पण असं नाही. त्या "पण असं नाही"कडे मी लक्ष द्यायला हवं होतं. मी समजलो की वाडा पडला असणार.

२ मार्च

पुन्हा बाळीवेस. बंद दुकानाच्या पायरीवर एक आजोबा बसले होते, वय पंच्याऐंशीच्या पुढे. प्रिंट हातात दिला. त्यांनी तो नीट बघायला उन्हाकडे धरला, मग कागद फिरवून पाठीमागच्या कोऱ्या बाजूने बघू लागले. ऊन कागदातून आरपार येत होतं. मिनिटभर गप्प बसले.

"उलटा हाय ओ हे," म्हणाले. "पार ह्या अंगाला. आणि वाडा उजव्या हाताला होता. चला, दावतो."

दोनशे पावलांवर ती गल्ली निघाली. डावीकडे वळणारी. मी तिथून आधीच्या दोन्ही रविवारी गेलो होतो. वाड्याच्या जागी तीन मजली इमारत, पाराची फरशी नवी, पिंपळ तोच. आजोबांनी काठीने जागा दाखवली: फोटोवाला इथे उभा असणार, ह्या ओट्यावर. त्या ओट्यावरून मोबाइलमध्ये बघितलं तर पाराची कड आणि मागच्या भिंतीचा कोपरा प्लेटमधल्यासारखेच एका रेषेत आले.

५ मार्च

रात्रभर बसून चूक शोधली. मी सगळ्या प्लेटा मसाला वर, म्हणजे कॅमेऱ्याकडे करून ठेवत होतो. स्पष्टतेसाठी ते बरोबरच, मध्ये काच येत नाही. पण मसाला आपल्याकडे असला की निगेटिव्हमधलं दृश्य आरशातल्यासारखं उलटं दिसतं. चकचकीत बाजू आपल्याकडे, मसाला पलीकडे, तेव्हाच डावं ते डावं. म्हणजे प्रत्येक फोटो संगणकावर आडवा पलटायला हवा होता आणि मी एकही पलटला नव्हता. त्या दिवसापर्यंत केलेल्या सगळ्या ४४ उलट्या.

क्रमांक २९ पुन्हा घेतली. हाफ प्लेट एका फोटोत घेतली तर इंचाला जेमतेम ८४० ठिपके मिळतात. या वेळी चार तुकड्यांत, एकमेकांवर तिसरा हिस्सा चढवून घेतली आणि जोडली, १,४०० च्या आसपास गेलं. दुकानाची पाटी उघडली. 'कापड' हा शब्द स्वच्छ वाचता आला, पलटल्यावर. हे महिनाभर आधी केलं असतं तर पाटीनेच सांगितलं असतं. आता इमारती आणि रस्त्यांच्या सगळ्या प्लेटा चार तुकड्यांतच घेतो, एकेका प्लेटला चाळीस मिनिटं लागतात. माणसांच्या फोटोंना एक तुकडा पुरे.

ज्या प्लेटेत पाटी नाही तिथे सावली बघतो. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस सोडले तर दुपारची सावली उत्तरेलाच पडते. इमारतीचं तोंड कुठे हे माहीत असेल आणि सावली दक्षिणेला पडलेली दिसली, तर प्लेट उलटी असल्याचा संशय घ्यायचा. भुईकोट किल्ल्याच्या दोन प्लेटा मात्र घरात बसून तपासल्या नाहीत. प्रिंट घेऊन खंदकाच्या कडेला उभा राहिलो, बुरुज मोजले, पाच मिनिटांत काम झालं.

२३ मार्च

पंढरपूर, तिथल्या नऊ प्लेटांच्या जागा शोधायला. सकाळची कामं उरकून दुपारी निघालो, सत्तर किलोमीटर, पोचायला तीन वाजले. चंद्रभागेच्या वाळवंटात उतरून घाटाकडे बघितलं तर सगळे घाट सावलीत आणि सूर्य थेट डोळ्यांत. नदी गावाच्या पूर्वेला, घाटांची तोंडं पूर्वेला, हे लहानपणापासून माहीत असलेलं भूगोलाचं ज्ञान घरी विसरून आलो होतो. प्लेटांमध्ये पायऱ्यांवर लख्ख ऊन आहे, म्हणजे फोटो सकाळचे. दर्शन घेतलं आणि परतलो. पेट्रोल ५०० रुपये.

६ एप्रिल

पहाटे साडेचारला निघालो, सात वाजता वाळवंटात. आजचा दिवस सोन्यासारखा गेला. पुंडलिकाचं देऊळ नदीच्या पात्रातच असल्यामुळे खुंट म्हणून वापरता येतं. प्लेटमध्ये देवळाचा कळस मागच्या वाड्याच्या कोणत्या खिडकीवर येतो ते बघायचं आणि वाळूत डावी-उजवीकडे सरकत तेच जुळवायचं. कळस आणि खिडकी जुळली की आपण फोटोवाल्याच्या रेषेवर आलो. मग पुढे-मागे सरकून त्या दोन्हींच्या उंचीचं प्रमाण जुळवायचं. नऊपैकी सहा जागा अशा मिळाल्या. महाद्वार घाटाची एक जागा आज पाण्यात होती. होडीवाल्या कोळी दादांनी होडी नेऊन धरून ठेवली, पैसे घ्यायला तयार नव्हते, शेवटी प्रिंट मागितला. तो पाठवायचा आहे.

जुन्या प्लेटेतला होळकर वाडा आणि समोरचा वाडा एकाच चौकटीत तसेच बसायला हवे असतील तर लेन्सचं मापही जुळलं पाहिजे, हेही इथे कळलं. हाफ प्लेटचा कर्ण साधारण २०४ मिलिमीटर, तेव्हाची नेहमीची लेन्स त्याच्या जवळपासची. म्हणजे आजच्या पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यात ४५-५० मिलिमीटर. मोबाइलची रुंद लेन्स वापरलीत तर सगळं लांब पळतं आणि जागा जुळूनही फोटो जुळत नाही.

२० एप्रिल

घरात वाद. क्रमांक ३३ हा रस्त्याचा फोटो, रिकामा रस्ता, बंद दुकानं. मामांच्या थोरल्या भावांचं म्हणणं, हा १९३० च्या मार्शल लॉचा, म्हणजे इंग्रजांनी शहरात लष्करी कायदा लावला तेव्हाचा. घरात लहानपणापासून तसंच सांगितलं गेलं. सोलापूरकराला मे १९३० म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली आणि त्यांचे पुतळे रोज डोळ्यांसमोर आहेत. असा फोटो असेल तर त्याची किंमत करता येणार नाही. मलाही तो तसाच असावा असं फार वाटत होतं.

चार तुकड्यांत घेतला. रस्त्याच्या टोकाला सावलीत एक बस उभी आहे. तिच्या अंगावर 'एस. टी.' आहे. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली. त्याआधीचा हा फोटो असूच शकत नाही. थोरल्या मामांना पडद्यावर बस दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं, काही बोलले नाहीत, जेवायला थांबले. यादीत मी 'रस्ता, दुकानं बंद, १९४८ नंतर' एवढंच लिहिलं आणि खाली वेगळ्या ओळीत 'घरच्यांच्या आठवणीत १९३०' हेही लिहिलं. ती आठवणसुद्धा ठेवण्यासारखी आहे, फक्त तारखेच्या रकान्यात नाही.

गुंडाळलेल्या वर्तमानपत्रांच्या तारखाही अशाच फसव्या. काच कधी गुंडाळली ते त्यांवरून कळतं, फोटो कधी काढला ते नाही. मी सुरुवातीला सात प्लेटांना कागदाच्याच तारखा देऊन बसलो होतो. खोडल्या. कागदाचे तुकडे मात्र क्रमांक घालून वेगळ्या फाइलमध्ये ठेवले, कारण त्या कागदाचा पिवळा डाग प्लेटांवर उतरत होता.

११ मे

दुपारी फाइल कॉपी होत असताना लाइट गेली. बाहेरची डिस्क उघडेना. अकरा प्लेटांचे तुकडे तिच्यावरच होते. कॅमेऱ्याचं कार्ड पुसायला भाचा विसरला होता म्हणून वाचलो. दोन रात्री पुन्हा जोडण्यात गेल्या. एका प्लेटची जोडलेली सोळा बिटांची टिफ फाइल १२० एमबीच्या आसपास होते. घाबरण्याइतकी मोठी नाही, तरी मी दुसरी प्रत ठेवायचं टाळत होतो. आता दोन डिस्क, एक माझ्याकडे, एक मामींकडे, आणि तिसरी प्रत बहिणीकडे पुण्याला. दोन्ही डिस्कचे मिळून ११,००० रुपये.

आतापर्यंतचा खर्च: स्कॅनर १४,०००, पॅनेल १,८००, डिस्क ११,०००, आम्लविरहित कागदाची पाकिटं आणि खोकी ३,२००, प्रिंट, प्रवास धरून ४,००० च्या घरात. स्कॅनर टाळला असता तर वीस हजारांत बसलं असतं.

१ जून

क्रमांक २९ चा सुलटा प्रिंट घेऊन बाळीवेसला गेलो. आजोबांनी या वेळी उन्हाकडे धरला नाही. सज्जातल्या एका खांबावर बोट ठेवलं आणि त्यामागच्या खोलीत कोणाचा हातमाग होता ते सांगितलं, मग पुढच्या घराचं, मग त्याच्या पुढच्या. मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो, त्रेपन्न मिनिटं. घरी येऊन यादीत त्या प्लेटसमोर दीड पान भरलं. बाकीच्या प्लेटांसमोर एकेक ओळ आहे. तलाव, देऊळ, इंद्रभुवन, स्टेशन यांच्या जागा सगळ्यांना माहीत, म्हणून मी त्यांचे प्रिंट कुणाला दाखवलेच नव्हते. ते आता एकेक करून दाखवायचे. पुढचे रविवार त्यातच जातील.

१५ जून

६१ पैकी ५८ झाल्या. तीन अडल्या आहेत. त्या तिन्हींच्या कडेला मूळ फोटोच्या पुठ्ठ्याची किनार आणि टाचण्या दिसतात, म्हणजे कुणाचा तरी छापील फोटो भिंतीला लावून त्यावरून मामांनी निगेटिव्ह केली. मूळ छापताना काय पलटलं, काय नाही, हे मसाल्याची बाजू सांगू शकत नाही. एकीत कमानीचं दार आहे, एकीत विहीर, एकीत धर्मशाळेसारखी लांब ओसरी. पाटी नाही, सावली नाही, आकाश ढगाळ. तिन्हींचे प्रिंट काढून पिशवीत ठेवले आहेत, प्रत्येकी दोन: एक सुलटा, एक उलटा.